चादरीचं दुसरं टोक

नोएडाहून बहिणीचा फोन आला. पंधरा वर्षांचा भाचा एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या) क्लासला जातो आणि घरी पाठीवर पडून धाकट्याचा पाय काखेत दाबून बसतो. "खाली पडला तो हरला ना रे? मग हे काय शिकवतात?"

तिचा प्रश्न तालमीचा आहे. आपल्याकडे पाठ लागली की कुस्ती संपली. एमएमएत पाठ लागल्यावरही लढत चालूच राहते. हरियाणाच्या ऋतू फोगाटने डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापूरला स्टॅम्प फेअरटेक्सला कुस्तीच्या सवयीने खाली घेतलं, आणि खाली पडलेल्या स्टॅम्पनेच तिचा हात अडकवून लढत जिंकली. हात मिळतो तसा पायही मिळतो. वरचा उठून उभा राहिला, तर खालच्याच्या सगळ्यात जवळ असतो त्याचा घोटा.

हा घोटा धरून पाय पिळला तर काय होतं, ते समजायला सोलापुरी चादर आठवा. भिजली की एकट्याला पिळवत नाही. एक टोक आईकडे, दुसरं आपल्याकडे. आपण टोक सैल सोडलं की चादर नुसती गोल फिरते, पाणी काही गळत नाही, आणि आईचं बोलणं बसतं ते वेगळंच.

असंच सैल टोक कुस्तीतही दिसलं. चार ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिंपिक, ५७ किलो गटाची उपांत्य फेरी. सोनीपतजवळच्या नाहरीचा, दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये घडलेला रवी दहिया २-१ ने पुढे होता. कझाकस्तानच्या सनायेवने त्याचे दोन्ही घोटे एकत्र आवळले आणि त्याला गरागरा लोळवलं. आपले पैलवान या डावाला 'फितेले' म्हणतात. गुणफलक २-९! पण रवीचे गुडघे शाबूत राहिले, कारण कंबर मोकळी होती. पीळ पायातून धडात गेला आणि अख्खा माणूस फिरला. (त्याच रवीने शेवटी सनायेवला चीत केलं. ती कुस्ती मी अजून अधूनमधून बघतो.)

भाच्याचा डाव म्हणजे हील हुक. त्यात पीळ तोच, फक्त दुसरं टोक धरलेलं. प्रतिस्पर्ध्याची टाच कोपराच्या खोबणीत, बोटं काखेत, आणि आपले दोन्ही पाय त्याच्या मांडीला, कमरेला विळखा घालून. पाऊल पान्याच्या दांड्यासारखं वापरायचं, जोर दंडाचा नाही, अख्ख्या धडाचा. कंबर फिरू शकत नाही, म्हणून पीळ अडतो मधल्या सांध्यात. गुडघा बिजागरीसारखा वाटतो, पण वाकलेला असताना नडगी थोडी फिरतेही. पूर्ण सरळ झाला की ती जवळजवळ कुलूपबंद होते. म्हणून पकडणाऱ्याला वाकलेला गुडघा हवा असतो. ती थोडी मोकळीक संपली की सगळा ताण लिगामेंटवर.

हील हुकच्या व्हिडिओंत कौतुक होतं ते हातांचं. माझ्या मते खरं काम कंबर धरणाऱ्या पायांचं. सुटकेचं तंत्रही तेच सांगतं: हाताशी झटापट करण्यापेक्षा कंबर सोडवा आणि पिळाच्या दिशेनेच फिरा. म्हणजे स्वतःच फितेले करून घ्या.

'लहान चणीच्या माणसाचं ब्रह्मास्त्र' अशी या डावाची जाहिरात होते, तिच्यावर मात्र माझा विश्वास नाही. एमएमए लढतीत रायन हॉलने २०१८ मध्ये बी. जे. पेनला पहिल्याच फेरीत हील हुकने संपवलं, खरं. पण दोन्ही हात टाचेवर असले की तोंड उघडं पडतं, आणि वरून येणाऱ्या ठोशाला गुरुत्वाकर्षणाची साथ असते. त्यात पाय घामाने निसरडा.

बहिणीला मी एवढंच सांगितलं, की हात मुरगळला तर आधी दुखतं, मग इजा होते. इथे पुष्कळदा इजा आधी होते आणि दुखणं मागून येतं. आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जुजुत्सू महासंघाने २०२१ पासून हा डाव फक्त प्रौढांना, तोही ब्राउन आणि ब्लॅक बेल्टवाल्यांना, नो-गी (जाड झगा न घालता खेळायच्या) प्रकारात खुला केला आहे. भाच्याचा बेल्ट अजून पांढरा आहे.