त्रिरश्मीवर कोरलेलं गाव

मुंबई-आग्रा महामार्गावरून नाशिकबाहेर पडताना जो शंकूसारखा डोंगर दिसतो, त्याला सगळं नाशिक पांडवलेणी म्हणून ओळखतं. पांडवांशी त्याचा काही संबंध नाही. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. शिलालेखांतल्या प्राकृतात ‘तिरण्हु’. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आणि बुद्धविहार आहे. तिथून पायऱ्यांची वाट निघते. वीसेक मिनिटं चढलं, की काळ्या कातळात ओळीनं खोदलेली २४ लेणी समोर येतात. सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळात, सुमारे २००० वर्षांपूर्वी, भिक्खूंच्या निवासासाठी आणि उपासनेसाठी ती घडली.

या डोंगराची ओळख आपल्याला सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णी आणि क्षत्रप नहपान या राजांच्या नावांनी करून दिली जाते. ती खरीच आहे. पण इथल्या भिंतींवरचे ब्राह्मी लेख सावकाश वाचले, की राजांइतकाच भोवतालचा मुलूखही बोलू लागतो. शेतं, खेडी, विणकर, तेली, कुंभार सगळे इथे नोंदलेले आहेत. या लेखांत गोवर्धनचं नाव येतं, ते म्हणजे गंगापूरजवळचं, गोदाकाठचं आजचं गोवर्धन.

तिसऱ्या लेण्यापासून सुरुवात करावी. ओसरीच्या खाली सहा ठेंगणे, धिप्पाड गण जाडजूड तुळया खांद्यावर घेऊन जमिनीतून वर आल्यासारखे उभे आहेत. पालखीचे भोई दांडी पेलतात, तसं त्यांनी अख्खं लेणं उचललं आहे. आत गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे. मला मात्र त्याच लेण्यातला एक साधा सरकारी हुकूम जास्त जवळचा वाटतो. गौतमीपुत्राच्या राज्याच्या २४व्या वर्षी, त्याच्या आणि राजमातेच्या नावानं, गोवर्धनच्या अमात्याला तो पाठवलेला आहे. भिक्खूंना आधी काखडी गावातलं शेत दिलं होतं. पण ते शेत कसलं जात नाही आणि गावात वस्तीही उरलेली नाही. म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून १०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) जमीन त्यांना द्यावी. ओस पडलेलं गाव आणि पडीक राहिलेलं शेत, दोन्ही या हुकुमानं कातळावर टिकून राहिली.

दहावं लेणं नहपानाचा जावई उषवदात याचं. खांबांच्या वर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी, त्यांच्यावर स्वार. इथला वर्ष ४२चा लेख म्हणजे चोख हिशेबाची वही आहे. उषवदातानं ३००० कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवली. एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजानं; दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० वर वर्षाचं व्याज होतं २४०. ते पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ प्रमाणे द्यायचं. हिशेब पैपैचा जुळतो. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवला गेला आणि दप्तरी नोंदवला गेला, हेही लेख सांगतो. राजाचा जावई आपली ठेव मागवाल्यांच्या हाती सोपवतो, ती कायमची, यावरून त्या कारागिरांची पत कळते.

याच लेण्याच्या अंगणात आणखी एक नोंद आहे, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातली. विष्णुदत्ता नावाच्या शक कुळातल्या उपासिकेनं कुंभार, पाण्याची यंत्रं करणारे, तेली अशा कारागिरांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवली, आणि तिच्या व्याजातून आजारी भिक्खूंना औषध मिळावं अशी व्यवस्था केली. तेलघाण्याच्या जोरावर चाललेला हा दवाखान्याचा निधी आहे.

वाटेतलं आठवं लेणं लहानसं आहे. ते मुगुदासाचं, सहकुटुंब दिलेलं. त्याच्या नावाशी असलेला ‘दासक’ हा शब्द अभ्यासक मासेमार असा लावतात. ज्या ओळीत राजघराण्याची लेणी, त्याच ओळीत याचंही.

या लेखांची भाषा परकी वाटत नाही. लेण्याला तिथे ‘लेण’च म्हटलं आहे. पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटलं आहे आणि तो शब्द लेण्यांचे अभ्यासक आजही वापरतात. व्याजाला ‘वढि’ म्हटलं आहे. आपल्या वाढीदिढीतली वाढी तीच. आणि तो पाऊण टक्का? कातळावर ‘पायून’ असं कोरलं आहे. शाळेतल्या पाढ्यांत आजोबांनी घोकलेली पाऊणकी इथे अक्षररूपात भेटते, तेव्हा बोट त्या अक्षरांपाशी नेऊन थांबावंसं वाटतं. स्पर्श मात्र करू नये. झीज आधीच पुष्कळ झाली आहे.

शेवटी अठरावं लेणं, इथलं चैत्यगृह. दर्शनी भाग नक्षीनं भरलेला, दाराच्या डाव्या अंगाला यक्ष उभा. भट्टपालिका नावाच्या स्त्रीनं हे चैत्यगृह पूर्णत्वाला नेलं, असं आतल्या खांबांवर लिहिलं आहे. दारावरच्या कमानीपाशी मात्र एक छोटी ओळ आहे. तिचा अर्थ इतकाच, की हे नाशिककरांच्या धंभिक गावाचं दान. पाटलाचं नाव नाही, सावकाराचं नाही. वर्गणी काढून देऊळ बांधणारी आपली गावं ज्या रीतीनं वागतात, ती रीत इथे २००० वर्षं जुनी आहे.

पुढच्या वेळी व्यायामासाठी किंवा मुलांना घेऊन ही वाट चढाल, तेव्हा अठराव्या लेण्याच्या दारात मिनिटभर थांबा आणि मान वर करा. मुलांना ती ओळ दाखवा आणि सांगा, हे दार एका गावानं दिलं आहे.