एका पाण्याचे पाच धनी

चंदगडच्या पठारावर पडलेला पाऊस पेडण्यातल्या नळाला यायचा असेल, तर त्याला वाटेत पाच सरकारी उंबरे ओलांडावे लागतात. पठारावरचे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोनाळच्या वीजघरात सोडले जाते. सुमारे ६० मेगावॉटचे हे वीजघर महानिर्मिती चालवते. वीजघरातून सुटलेले पाणी तेरवण-मेढे येथील उन्नैयी बंधाऱ्याशी धरले जाते आणि तिथून पुढे तिलारी धरण आणि त्याचे कालवे कोकण पाटबंधारे विकास महामंडळाकडे. सीमा ओलांडली की गोवा तिलारी पाटबंधारे विकास महामंडळ. नदीतले पाणी, बंधारे आणि पूर गोव्याच्या जलस्रोत खात्याकडे. आणि शुद्धीकरण प्रकल्पात शिरलेले पाणी आजवर सार्वजनिक बांधकाम खात्याचे, अलीकडे त्यासाठी स्वतंत्र केलेल्या पेयजल खात्याचे. प्रत्येकाचा अभियंता वेगळा, मंत्रीही एक नाही. नळ कोरडा पडला की कोणाकडे जायचे, हे पेडण्याच्या माणसाला ठाऊक नसते आणि त्यात त्याचा दोष नाही.

स्वातंत्र्यानंतर या देशाने नदीसाठी एकच संस्था नेमण्याचा प्रयोग करून पाहिला होता. अमेरिकेच्या टेनेसी खोऱ्यात १९३३ साली स्थापन झालेल्या प्राधिकरणाच्या धर्तीवर १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ निघाले. धरण, पूर, सिंचन, वीज, सगळे एका छपराखाली. पुढे भाक्रा-बियास, तुंगभद्रा यांनाही मंडळे मिळाली. तिलारीला मात्र तसे छप्पर कधीच मिळाले नाही. महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांनी १९९० मध्ये तिलारीसाठी करार केला आणि वर एक आंतरराज्य नियंत्रण मंडळ बसवले. त्या मंडळाची मुंबईत जानेवारी २०२४ मध्ये बैठक झाली, तेव्हा आधीच्या बैठकीला सुमारे दहा वर्षे होऊन गेली होती. दहा वर्षे ज्या घराचा कर्ता घरी फिरकला नाही, त्या घराच्या भिंतींना ओल आली तर नवल कसले?

करारातला आकडा गोव्यात फार थोड्यांना पाठ असतो, पण तो पाठ असायला हवा. प्रकल्पाच्या खर्चाचा ७३.३० टक्के वाटा गोव्याचा, २६.७० टक्के महाराष्ट्राचा. पाण्याची वाटणीही त्याच मापाने. सिंचनाचे उद्दिष्ट असे, की पेडणे, डिचोली आणि बार्देश मिळून गोव्याची सुमारे १७ हजार हेक्टर जमीन भिजावी आणि सिंधुदुर्गातली साडेसहा हजारांहून थोडी अधिक. धरणाचा एकूण साठा ४४७.२९ दशलक्ष घनमीटर. सिंधुदुर्गाच्या जिल्हा प्रशासनाच्या पावसाळी पत्रकात हा आकडा दरवर्षी छापून येतो आणि शेजारी आजचा साठा, आजचा विसर्ग. गोव्याच्या उत्तरेकडच्या गावांनी ते पत्रक हवामानाच्या अंदाजाइतकेच काळजीने वाचावे, असे ते आहे.

कारण पैसा मोठा गोव्याचा असला, तरी धरण दोडामार्ग तालुक्यात आहे. बुडालेली गावेही तिथलीच: आयनोडे, सरगवे, पाट्ये, शिरंगे, केंद्रे. ज्यांनी घर आणि शेत दिले त्यांना सरकारी नोकरीचा शब्द मिळाला होता. नोकऱ्या थोड्यांना लागल्या, बाकीच्यांनी वर्षानुवर्षे धरणे धरली, मोर्चे काढले, आणि शेवटी नोकरीऐवजी एकरकमी रक्कम घेण्याचा तोडगा निघाला. पाणी आपल्या गावावरून वाहते आणि भिजते दुसऱ्याचे, हे दोडामार्गातले दुखणे गोव्यात बसून समजत नाही. कालवा फुटला की गोव्याला तहान लागते. त्याच कालव्याच्या फुटण्याने दोडामार्गात कोणाच्या बागायतीत चिखल शिरतो, ही बातमी सीमेपलीकडे पोचेपर्यंत दोन ओळींची झालेली असते.

आता मुख्य प्रश्न. १७ हजार हेक्टर भिजले का?

पेडण्यात कालव्याच्या भरावावरून थोडे चालले तरी अंदाज येतो. मुख्य कालवा भरून वाहतो, सिमेंटचे अस्तर जिथे शाबूत आहे तिथे पाणी गुळगुळीत सरकते. बाजूला वितरिकेचे दार. दाराला गंज, त्याच्या स्क्रूवर वाळलेले शेवाळ. वितरिकेत गुडघाभर गवत आणि प्लास्टिकच्या बाटल्या. पुढे शेतचारी कुठे असायला हवी होती, ते नकाशावरच कळते. धरण उभे राहिले, मुख्य कालवा आला, पण शेवटच्या शे-दोनशे मीटरचे काम, म्हणजे ज्याने पाणी प्रत्यक्ष वाफ्यात उतरते ते, मागे राहिले.

का राहिले याचे उत्तर पाटबंधाऱ्याच्या फायलीत शोधण्यापेक्षा तलाठ्याच्या दप्तरात शोधावे. पेडणे, डिचोली हा नव्या काबिजादीतला मुलूख. जमीन एका भाटकाराच्या नावावर, कसतो कूळ, राहतो मुंडकार. कूळ कायदा १९६४ चा, कसेल त्याला जमीन देणारी त्याची पाचवी दुरुस्ती १९७६ ची, तरी दावे अजून मामलेदाराकडून वरच्या न्यायालयांकडे फिरतात. ज्याच्या नावावर जमीन नाही, तो शेतचारीसाठी पट्टा सोडायला सही कशी करणार? शिवाय इथली शेती दोन पातळ्यांची आहे. सखल भागात पावसाळी भात आणि त्यानंतरचे दुसरे पीक वायंगण, वर डोंगरउतारावर काजू. कालवा डोंगराच्या कुशीतून समपातळीने येतो. सखल शेताला त्याचे पाणी सहज मिळते, पण तिथे आधीपासून पाट, झरे आणि विहिरी होत्या. वरच्या काजूला पाणी द्यायचे तर ते उपसून न्यावे लागते. अभियंत्यांनी हेक्टर मोजले, शेताचा स्वभाव मोजला नाही. हा माझा ठपका आहे, आणि तो दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांवर सारखाच आहे.

मग पाणी गेले कुठे? गावाच्या नळाकडे. चांदेलचा शुद्धीकरण प्रकल्प पेडण्याला पाणी देतो, अस्नोड्याचा बार्देशला, पर्वरीकडेही तिलारीचेच पाणी वळले. जानेवारी २०२३ मध्ये मोपाच्या पठारावर विमाने उतरू लागली आणि त्याच कालव्याला नवा तहानलेला मिळाला. किनाऱ्यावरच्या मांद्रे, मोरजी, हरमलात हॉटेले वाढली ती वेगळी. सिंचनासाठी काढलेले महामंडळ आज मोठ्या प्रमाणात कच्च्या पाण्याचे पुरवठादार झाले आहे. यात वाईट काही नाही. पण मग तसे मान्य करून जमाखर्च मांडावा. ते होत नाही, कारण कागदावर कालव्याखालची ती जमीन अजून लाभक्षेत्र आहे. लाभक्षेत्रातल्या जमिनीला बांधकामापासून कायद्याचे संरक्षण असते, आणि धारगळसारख्या ठिकाणी ते संरक्षण काढून घेण्यावरून पेडण्यात वाद झडले. शेतकऱ्याला पाणी मिळाले नाही, तरी पाण्याच्या नावाने त्याच्या जमिनीला जे कवच होते, तेवढे तरी राहू दे, अशी त्या विरोधामागची साधी मागणी.

डिचोलीचे चित्र थोडे निराळे. हा तालुका खाणींचा. खनिज उत्खनन २०१२ मध्ये थांबले, मग सुरू झाले, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजची नूतनीकरणे रद्द केली. खाणींच्या खंदकांत साचलेले पाणी टंचाईच्या दिवसांत पंप लावून उपसले गेले, प्यायच्या पाण्याच्या सोयीसाठी. आणि डिचोलीच्या पूर्वेला वाळवंटी. तिच्या उगमाकडे दोडामार्गातल्या विर्डी येथे महाराष्ट्राचे धरण येऊ घातल्याने साखळीचे लोक अस्वस्थ आहेत. वाळवंटी म्हादईच्याच खोऱ्यातली, आणि म्हादई जलतंट्याच्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात महाराष्ट्राला १.३३ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२ आणि गोव्याला २४ टीएमसी पाणी दिले. कर्नाटकाच्या वाट्यातले ८ टीएमसीहून थोडे अधिक हे वीजनिर्मितीसाठी आहे. कर्नाटकाशी भांडताना गोवा पणजीत रस्त्यावर येतो. महाराष्ट्राशी मात्र त्याला जपून बोलावे लागते, कारण अस्नोड्याचा नळ दोडामार्गातून येतो.

पावसाळ्यात हेच नाते उलटे होते. ऑगस्ट २०१९ मध्ये तिलारीचा विसर्ग आणि मुसळधार पाऊस एकत्र आले, तेव्हा डिचोलीतले साळ आणि पेडण्यातली इब्रामपूर, हणखणे ही गावे पाण्याखाली गेली. शिमग्यातल्या गड्यांसाठी गोवाभर ओळखले जाणारे साळ, त्या दिवशी घरांत शिरलेल्या पाण्यामुळे बातमीत आले. धरणाने पूर आणला, असे गावकरी म्हणतात. धरण नसते तर पूर अधिक आला असता, असे अभियंते म्हणतात. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. धरणाखालीही मोठे मोकळे पाणलोट आहे, त्याचा पाऊस कोणी अडवत नाही, आणि तिलारीचे पाणी ज्या शापोऱ्यातून समुद्राला जाते, तिला भरती असेल तर खालची वाट तुंबते. म्हणून दार किती उचलले, यापेक्षा ते केव्हा उचलले आणि साळला किती तास आधी कळले, हे महत्त्वाचे. इशारा देणारे कार्यालय एका राज्यात आणि भिजणारी घरे दुसऱ्यात, तेव्हा हे तास नेमके कुठेतरी हरवतात.

नियंत्रण मंडळाच्या २०२४ च्या बैठकीत कालव्यांच्या दुरुस्तीचा विषय निघाला, तो रास्त होता. कालवे दोडामार्गात डोंगर पोखरून आणि भराव घालून नेलेले आहेत, जांभ्याच्या मातीत पाणी मुरते, अस्तर सुटते आणि एके दिवशी भगदाड पडते. पण दुरुस्तीला कालवा बंद ठेवावा लागतो, आणि बंद केव्हा ठेवायचा? पावसात काम होत नाही. उन्हाळ्यात गोव्याला पाणी हवेच असते. उरते पावसानंतरची खिडकी, ऑक्टोबर ते डिसेंबरची. नेमका तेव्हाच पर्यटनाचा हंगाम सुरू होतो. त्या काळात साळच्या पंपांनी नदीचे पाणी उचलून डिचोलीतल्या आमठाणे धरणात टाकायचे आणि तिथून अस्नोड्याला सोडायचे, ही गोव्याची स्वतःची एवढीच शिल्लक. आमठाणे तिलारीच्या तुलनेत अगदी लहान आहे, त्याच्या दारांची आणि साळच्या पंपांची डागडुजी जलस्रोत खात्याकडे, कालव्याची महाराष्ट्राकडे, नळाची पेयजल खात्याकडे. दुरुस्तीचे वेळापत्रक या तिघांना मिळून आखायचे असते आणि ते ऑगस्टातच आखायला हवे, नोव्हेंबरात भगदाड पडल्यावर नव्हे.