कात्रीनं लवचीक केलेला कागद

गणपती जवळ आले की लातूरच्या गंजगोलाईत आणि नांदेडच्या वजिराबादेत सजावटीच्या मालाला ऊत येतो. त्यात कागदी जाळ्या असतातच. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आपण त्या केलेल्या असतात: घोटीव कागद उभा दुमडायचा, एक काप या कडेनं, पुढचा त्या कडेनं, आणि एकही आरपार जाऊ द्यायचा नाही. उलगडून टोकं ओढली की वीतभर कागद हातभर होतो.

होतो कसा? कागद ताणला जातच नाही. पातळ वस्तूला ताणणं अवघड, वाकवणं सोपं. जाडी निम्मी केली तर ताणायला निम्मं बळ लागतं, वाकवायला मात्र एक-अष्टमांश. काप दिले की प्रत्येक पट्टी ताण चुकवते आणि पिळून वर उठते. जपानी लोक या कलेला किरिगामी म्हणतात. कारखान्यात लोखंडी पत्र्याला काप देऊन ओढतात तेव्हा हीच जाळी निघते, कचरा जवळजवळ शून्य.

पट्टीचं हे वर उठणं 2015 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या मॅक्स श्टाइन यांच्या गटानं कामाला लावलं. सोबत मॅथ्यू श्लियन हे कागदकलावंत होते. गॅलियम आर्सेनाइडच्या पातळ सौरपटलाला काप दिले. ते जितकं ओढावं तितक्या पट्ट्या सूर्याकडे कलतात. त्यांच्या गणितानुसार स्थिर पॅनेलपेक्षा 36 टक्क्यांपर्यंत जास्त वीज मिळते. मोटरवर फिरणाऱ्या अवजड सांगाड्याला मिळते साधारण 40 टक्के. पत्र्याच्या छतावर तो सांगाडा चढवायचा कुणी? आपल्याकडच्या उन्हाला ही युक्ती शोभून दिसेल.

हार्वर्डमध्ये एल. महादेवन आणि सहकाऱ्यांनी 2019 साली प्रश्नच उलटा केला: हवा तो आकार आधी ठरवायचा, काप कुठे द्यायचे ते गणितानं काढायचं. मला यातलं हे काम सर्वांत मोलाचं वाटतं. कात्री चालवण्याआधीच आकार ठरलेला असतो.

अडचण कापाच्या टोकाशी आहे. सगळा ताण तिथे गोळा होतो आणि कागद तिथूनच फाटतो. टोकाला बारीक गोल भोक पाडलं तर ताण पसरतो, पण संपत नाही. शिवाय हलणाऱ्या पट्ट्यांना काच चिकटवता येत नाही, आणि मराठवाड्यातली धूळ सांगायला नको. पॅनेल 25 वर्षं चालावं अशी अपेक्षा धरली, तर रोज एकदा म्हणजे 9,125 वेळा ते ओढलं जाणार, त्याच टोकांवर.