चक्कर मानेची की कानाची?

भोपाळच्या जवाहर चौकाच्या आसपासच्या मराठी घरांत चक्कर येण्याचा विषय निघाला की पाठोपाठ मान येतेच. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘स्पॉन्डिलायटिस आहे’, मग गळ्याभोवती पट्टा. १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं आणि नागपूरहून सरकारी कर्मचाऱ्यांची कुटुंबं इथे आली. तात्या टोपे नगरच्या क्वार्टरांत तेव्हा आईचं बोट धरून शिरलेली मुलं आज पंचाहत्तरीच्या आगेमागे आहेत. या वयात तोल गेला, पडलं आणि खुब्याचं हाड मोडलं तर सगळं घरच अडून बसतं. म्हणून चक्कर कुठून येते हे नेमकं शोधणं फार गरजेचं आहे.

पन्नाशीनंतर मानेचा एक्स-रे काढला तर बहुतेकांच्या मणक्यांची थोडीफार झीज दिसतेच. ती दिसली की चकरांचा आळही तिच्यावर येतो. पण रात्री कुशीवर वळताना काय होतं ते आठवून पाहा. मान आणि धड बरोबरच वळतात, मानेला पीळ असा पडतच नाही, तरी खोली गरगर फिरते. वरच्या फळीवरचा डबा काढताना, खाली वाकून उठताना, सकाळी अंथरुणातून उठताना असंच होतं आणि मिनिटाच्या आत थांबतं. हे चित्र बहुतेक वेळा आतल्या कानाचं असतं. मानेची झीज मान दुखवते, हाताला मुंग्या आणते. पलंगावर कूस बदलल्यावर येणारी गरगर तिच्या माथी मारू नये.

‘पण कान दुखत नाही, ऐकूही छान येतं!’ हा आक्षेप हमखास येतो. ऐकण्याचा शंखाकार भाग आणि तोल सांभाळणारा भाग आतल्या कानात शेजारी असले तरी त्यांची कामं वेगळी आहेत. तोलाच्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि दोन छोट्या पिशव्या. पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म खडे असतात. वयामुळे, डोक्याला मार लागल्यामुळे किंवा काही कारण न सापडताही ते सुटतात आणि एखाद्या नळीत शिरतात. मग डोकं हलायचं थांबलं तरी खडे सरकत राहतात, नळीतला द्रव हलत राहतो आणि मेंदूला वाटतं डोकं अजून फिरतंय. या आजाराला डॉक्टर बीपीपीव्ही म्हणतात. आतल्या कानामुळे येणाऱ्या चकरांचं हेच सर्वांत नेहमीचं कारण, आणि यात ऐकणं शाबूत राहतं.

तो ओळखायला यंत्र लागत नाही. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये सांगितलेली तपासणी आजही तशीच करतात. रुग्णाला टेबलावर बसवून डोकं एका बाजूला ४५ अंश वळवायचं आणि पटकन आडवं करून डोकं कडेखाली थोडं झुकवायचं. काही सेकंदांत चक्कर सुरू होते आणि डोळ्यांची बुबुळं विशिष्ट दिशेने थरथरतात. कोणत्या कानाच्या कोणत्या नळीत खडे आहेत ते त्या थरथरीवरून कळतं. रुग्ण घाबरतो, मळमळतं, पण ते लवकर ओसरतं. बसल्या बसल्या बीपी बघून चिठ्ठी लिहिली गेली, तर ही तपासणी झालेलीच नसते. आडवं करून तपासाल का, असं नम्रपणे पण स्पष्ट विचारावं.

उपचारही तिथेच होतो. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एपली यांनी डोकं एका ठरावीक क्रमाने वळवून खडे नळीतून पुन्हा पिशवीत आणण्याची रीत १९८० मध्ये मांडली. तिच्यावर विश्वास बसायला वैद्यकविश्वाला बरीच वर्षं लागली. त्यांचा सविस्तर लेख छापून आला १९९२ मध्ये. काही मिनिटांच्या या कृतीने बहुतेकांना एक-दोन बैठकांतच आराम पडतो. त्यानंतर दोन रात्री बसून झोपायला हवं असं पूर्वी सांगत. आता त्याची गरज मानत नाहीत. खडे पुन्हा सुटू शकतात, तेव्हा तीच कृती पुन्हा करता येते. मानेचा किंवा पाठीचा गंभीर त्रास असेल तर तो मात्र आधी सांगावा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोळ्यांची. स्टेमेटिल, सिनारिझिन, बीटाहिस्टिन ही नावं आता घराघरांत पाठ आहेत, आणि एकदा लिहिलेली चिठ्ठी वर्षानुवर्षं चालवली जाते. यातली कोणतीही गोळी खडे जागेवर नेत नाही. तोलाच्या नसेला सूज आली की दोन-तीन दिवस सलग गरगरतं, उलट्या होतात. तेव्हा अशी औषधं थोडे दिवस हवीतच. ती लांबली तर मेंदूचं नव्या स्थितीशी जुळवून घेणं मंदावतं. शिवाय स्टेमेटिल आणि सिनारिझिन दीर्घकाळ घेतल्याने म्हाताऱ्या माणसांत हात थरथरणं, चाल मंदावणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात. चकरांवर घेतलेली गोळीच मग पडायला कारण होते. अशी चिठ्ठी घरात असेल तर ती घेऊन डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका.

‘अशक्तपणा आहे, सलाईन लावून घ्या’ हाही तसाच लाडका उपाय. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर कारण बहुधा बीपीच्या गोळ्यांत, पाणी कमी पिण्यात किंवा रक्तक्षयात सापडतं. ते शोधायचं सोडून बाटली चढवून काय साधणार?

ऐकण्याची तक्रार सोबत असेल तर वाट वेगळी. कान भरल्यासारखा वाटणं, गुंई आवाज, कमी ऐकू येणं आणि २० मिनिटांपासून काही तास टिकणारी गरगर हे मेनिएरच्या आजाराचं लक्षण. प्रॉस्पेर मेनिएर यांनी १८६१ मध्येच कानाकडे बोट दाखवलं होतं. इथे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, हवीच. कानात कोमट आणि गार पाणी सोडून डोळ्यांची हालचाल मोजणारी कॅलरिक चाचणीही लागू शकते. कान धुताना पाणी गार असलं की रुग्णाला चक्कर येऊन डोळे एका दिशेला थरथरतात आणि गरम असलं की उलट दिशेला, हे व्हिएन्नात रॉबर्ट बारानी यांच्या ध्यानात आलं. त्या कामाला १९१४ चं नोबेल मिळालं. चाचणीआधी चकरांच्या कोणत्या गोळ्या किती दिवस थांबवायच्या हे विचारून घ्यावं, नाहीतर निकाल फसवा येतो.

म्हणून सगळंच कानावर ढकलून निश्चिंत व्हायचं का? मुळीच नाही. गरगरण्यासोबत बोलणं अडखळलं, एकाची दोन दिसली, तोंड वाकडं झालं, हात किंवा पाय लुळा पडला, आधाराशिवाय उभंच राहता येईना किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावं. छोट्या मेंदूतला ताजा झटका सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाही, त्यामुळे ‘स्कॅन नॉर्मल’ ऐकून लक्षणं असताना घरी परतू नये. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तरीही त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावं.

एरवी घाई नाही. जवाहर चौकातून शिवाजी नगरचं जयप्रकाश रुग्णालय, म्हणजे आपलं ‘बारह सौ पचास’, जवळच आहे. हमीदिया रुग्णालयात आणि एम्समध्येही कानाचा विभाग आहे. जाताना कागदावर लिहून न्यावं: चकरेचा झटका सेकंदांचा, तासांचा की दिवसांचा, कोणत्या हालचालीने येतो, ऐकण्यात काही फरक पडतो का, आणि सध्याची सगळी औषधं. पूर्वी क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घेतली असतील तर तेही. त्या इंजेक्शनांनी दोन्ही कानांचा तोल कायमचा अधू होऊ शकतो, आणि मग गरगरत नाही पण अंधारात पाय लटपटतात. घरात कुणी जवळ असेल तर झटका चालू असताना डोळे उघडे ठेवायला सांगून मोबाइलवर डोळ्यांचा व्हिडिओ काढून घ्यावा. दवाखान्यात पोचेपर्यंत थरथर थांबलेली असते आणि डॉक्टरांना नेमकी तीच बघायची असते.