खिडकी गेली, कात्री राहिली

चीनच्या शान्शी प्रांताच्या उत्तर भागात पिवळ्या मातीचं पठार आहे. तिथं डोंगर कोरून घरं करायची रीत. त्यांना म्हणतात याओदोंग. या घरांच्या खिडक्यांना पूर्वी काच नसायची. लाकडी जाळीवर पांढरा कागद डकवलेला असे. वर्षभर धुरानं काळवंडलेला हा कागद नववर्षाआधी काढून टाकायचा, नवा लावायचा आणि त्यावर लाल कागदाची कातरकामं चिकटवायची. मासा, कमळ, कोंबडा, आणि मुलंबाळं व्हावीत म्हणून डाळिंब.

हे काम बायकांचं. आवडलेला नमुना उतरवून घ्यायची त्यांची युक्ती तर फारच सुंदर. जुनं कातरकाम पाण्यानं कोऱ्या कागदावर चिकटवून तो दिव्याच्या धुरावर धरायचा. कागद काळा पडला की वरचं कातरकाम उचलायचं. खाली पांढरी आकृती तयार! असे नमुने सासरी-माहेरी फिरत.

मग काचा आल्या आणि कागदी खिडक्या गेल्या. तरी शान्शीतल्याच शुनयी तालुक्यातल्या कू शूलान (१९२०–२००४) कातरतच राहिल्या. १३ बाळंतपणं झाली, त्यातली तीनच मुलं जगली. १९८५ मध्ये त्या दरीत पडून बेशुद्ध झाल्या. शुद्धीवर आल्या त्या ‘मी कातरफुलांची देवी’ असं सांगतच. पुढं त्याच देवीची चित्रं त्यांनी रंगीत कागदाचे बारीक तुकडे एकावर एक डकवत, गाणी म्हणत केली, भिंतभर मोठी. खिडकीत मावतील अशी ती नव्हतीच.

हपे प्रांतातल्या यू तालुक्याची तऱ्हा वेगळी. तिथं कात्री नाही, सुरी चालते. पातळ कागदांची चळत एकदमच कोरायची, मग रंग दारूत कालवून भरायचा, म्हणजे तो खालच्या थरापर्यंत झिरपतो. हा सरळ धंदा आहे. त्यात भोळेपणा कमी म्हणून अभ्यासक नाकं मुरडोत, मला त्यात वावगं दिसत नाही. पोट भरणारी कला पोरं शिकतात.

सरकारी वारसा यादीत चिनी कातरकाम २००६ मध्ये आलं, युनेस्कोच्या यादीत २००९ मध्ये. यादीमुळं कारागिराला मान मिळतो, शिकवण्यासाठी मदतही मिळते. नववर्षाच्या बाजारात मात्र यंत्रावर कापलेली लाल प्लास्टिकची फुलं ढिगानं असतात. ती काचेवर पटकन बसतात आणि स्वस्त पडतात. घाईच्या दिवसांत गिऱ्हाईक तीच उचलतं.