द्राक्षबागांतून सायकलप्रवास : बागायतदारांनी घ्यावयाची दक्षता

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील सायकलस्वारांस नाशिककडील द्राक्षबागा पाहावयाच्या असल्यास कसारा घाट टाळणे श्रेयस्कर. तेथे अवजड वाहनांची सतत वर्दळ असते. आगगाडीने नाशिक रोड गाठावे व पुढे गंगापूर-दिंडोरीकडील आडरस्ते धरावेत.

वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारणतः जानेवारी ते मार्चमध्ये होते. पाहुणे येतात तेही तेव्हाच, आणि शेजारच्या बागेत भुरीवरील फवारणीही कित्येकदा त्याच दिवशी चालते. ब्लोअरने उडालेले औषध वाऱ्याबरोबर रस्त्यावर येते. मोटारीतील मनुष्य काच वर करतो. चढ चढून दमलेला सायकलस्वार मात्र तीच हवा जोराने आत ओढतो. यास्तव पाहुण्यांचा दिवस शेजाऱ्यांस आधी कळवून फवारणी पुढे ढकलावी. औषधाच्या वेष्टनावरील प्रतीक्षाकाळ संपल्याखेरीज घड तोडून देऊ नये, मग पाहुणा कितीही आग्रह करो. कुंपणाच्या बाभळीचे काटेही वाटेवरून झाडून घ्यावेत.

परवान्यावाचून घरी वाइन करून विकणे १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये गुन्हा आहे. द्राक्षे, बेदाणे व पिठले-भाकरी यांतही चार पैसे मिळतात. मुक्कामाची सोय करू इच्छिणाऱ्यांनी २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी. अर्ज भरण्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी साहाय्य करावे.