राउटरच्या दोन किल्ल्या

बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असत. घरच्या राउटरलाही दोन किल्ल्या असतात: एक वाय-फायची, दुसरी त्याच्या सेटिंग्जची. डोंगरकड्यासारख्या गावातही पेढीचा हिशेब आणि पाहुण्यांचे मोबाईल आता एकाच वाय-फायवर चालतात.

जुलै २००८ मध्ये अहमदाबाद स्फोटांच्या वेळी धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून गेला आणि तपास त्या घराच्या दारी आला.

यास्तव राउटरवर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये उघडून सेटिंग्जचा मूळ पासवर्ड प्रथम बदलावा. वाय-फायसाठी डब्ल्यूपीए३, ते नसल्यास डब्ल्यूपीए२ निवडावे. त्याचा पासवर्ड वेगळा व लांब असावा. डब्ल्यूपीएस बंद करावे. पाहुण्यांस ‘गेस्ट नेटवर्क’ द्यावे. अतिथीस ओसरी मोकळी असावी. तिजोरीची किल्ली मात्र आपल्याच कनवटीला हवी.